चोवीस मुलांची नऊ का झाली?

पत्र

नमस्कार. आम्ही दोघी मानेवाड्याकडच्या एका ले-आउटमध्ये शेजारी राहतो. जुलैपासून आमच्या समाजभवनात पहिली ते चौथीच्या मुलांसाठी संध्याकाळचा वर्ग सुरू केला. सोमवार ते शुक्रवार, ५ ते ७. सोमवारी चित्रकला, मंगळवारी इंग्लिश स्पीकिंग, बुधवारी कागदकाम, गुरुवारी योगासनं, शुक्रवारी गोष्टी. फी महिन्याला ३०० रुपये. पहिल्या आठवड्यात २४ मुलं होती, गणपतीपर्यंत १५ राहिली आणि आता दिवाळीच्या तोंडावर ९. जी पोट्टी येतात तीही ऐकत नाहीत, चौथीतली दोन मुलं तर सगळा वर्ग डोक्यावर घेतात. पालक म्हणतात, होमवर्क करून घ्या, नाहीतर ॲबॅकस सुरू करा. एका कंपनीचा माणूस येऊन गेला. १८,००० रुपयांत रोबोटिक्सचं किट आणि त्यांचं नाव वापरायची परवानगी देतो म्हणाला. आमच्यापैकी एक जण खासगी शाळेत शिक्षिका आहे, दुसरी गृहिणी. दिवाळीनंतर नव्यानं सुरू करावं, की गाशा गुंडाळावा?

– दोघी मैत्रिणी, नागपूर

उत्तर

ताईंनो,

गाशा गुंडाळायचं काही कारण नाही. पण दिवाळीनंतर तोच वर्ग तसाच उघडलात, तर फेब्रुवारीपर्यंत चारच मुलं उरतील. तुम्ही निवडलेले विषय वाईट नव्हते. बिघडलंय ते वेळापत्रक.

आधी भूक बघा. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत, असा शासननिर्णय २०२४ मध्ये आला. शाळा उशिरा भरली की सुटतेही उशिरा. मूल घरी येतं, दप्तर टाकतं, तोंडावर पाणी मारतं आणि लगेच तुमच्याकडे. दिवसभर बाकावर बसून आलेल्या पोराला पुन्हा सतरंजीवर मांडी घालून बसवलं तर ते चुळबूळ करणारच. त्याला शिस्तीचा प्रश्न समजून ओरडत राहिलात तर तुमचाच घसा बसेल. आधी पोटात काहीतरी, मग पायांना मोकळीक, त्यानंतर बसणं, हा क्रम एवढा सांभाळलात तरी अर्धा गोंधळ आपोआप कमी होईल.

दुसरं म्हणजे पाच दिवस पाच विषय. गुरुवारी एखादं मूल आजारी पडलं की त्याची योगासनं थेट चौदा दिवसांनी. बुधवारी कागदाचं जे केलं त्याचा गुरुवारशी संबंध नाही, गुरुवारचा शुक्रवारशी नाही. आज जाऊन कालचं पुढे न्यायचं आहे, ही ओढ मुलाला लागतच नाही. आणि तुम्हा दोघींना आठवड्याला दहा तास उभं राहायचं, वर पाच वेगवेगळ्या तयाऱ्या. तुम्ही दमला असणार, पत्रात लिहिलं नाहीत एवढंच.

तिसरं वय. पहिलीतल्याची बोटं अजून कात्रीला सरावलेली नसतात. चौथीतला तेच काम पाच मिनिटांत उरकतो आणि उरलेल्या वेळात काय करतो ते तुम्ही स्वतःच लिहिलंय.

आता नव्या मांडणीचं बोलू. मुलं जास्तीत जास्त १५. पहिली-दुसरीची सात, तिसरी-चौथीची आठ, आणि प्रत्येक गटाला एक मोठं माणूस. सोळाव्या मुलाचे आईबाबा कितीही गळ घालोत, नाव वहीत लिहून ठेवा आणि जागा झाली की बोलवा. दिवस तीन, सोमवार, बुधवार, शुक्रवार. वेळ ५ ते साडेसहा, दीड तास. यापेक्षा एक मिनिट जास्त नको.

पहिली दहा मिनिटं हात धुणं आणि खाऊ. मुरमुरे, फुटाणे, फल्लीदाणे (शेंगदाणे) आणि गुळाचा खडा असं मिळून मुलामागे ३० ग्रॅम, म्हणजे १५ जणांना अर्धा किलो पुरतं. एखाद्या दिवशी एकेक केळं. कुरकुरे आणि क्रीमची बिस्किटं नकोत. प्रवेश देतानाच फल्लीदाण्याची किंवा आणखी कशाची ॲलर्जी आहे का ते लिहून घ्या. खाणं बसूनच, तोंडात दाणे घेऊन पळायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून.

मग २० मिनिटं मैदान. नागपुरात नोव्हेंबर-डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून हिवाळ्यात खेळ आधी घ्यावाच लागतो. शेवटी ठेवलात तर अंधारात पोरं मोजत बसाल. जूनअखेरीस उजेड सातपर्यंत असतो, तेव्हा वाटल्यास क्रम बदला. खेळ बाद होण्याचा नको. जो आधी बाद होतो तोच बहुधा सगळ्यात कमी पळणारा असतो, आणि मग तो भिंतीला टेकून वीस मिनिटं उभा. साखळी, विषामृत, रुमालपाणी हे चालतील. डासांचे दिवस आहेत, मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे सांगा आणि समाजभवनाच्या आवारातली कुंड्यांखालचं, टायरांतलं साचलेलं पाणी ओतून टाका.

साडेपाचला आत येऊन १२ मिनिटं गोष्ट वाचून दाखवायची. ‘सांगायची’ म्हटलेलं नाही, वाचूनच, पुस्तक मुलांकडे धरून, चित्रं दिसतील असं. पळून आलेली मुलं इथे शांत होतात. त्यानंतर ३५ मिनिटं मुख्य काम. शेवटची १३ मिनिटं आवराआवर आणि वहीत आज काय केलं त्याचं चित्र किंवा दोन ओळी. आवराआवर मुलांनीच करायची. तुम्ही केलीत की पाऊण तास तिकडेच जाईल.

मुख्य कामात एक विषय किमान चार वेळा चालवा. सोमवारी सुरू केलेलं पुढच्या सोमवारी संपेल असं. विषय असे घ्या की हातात वस्तू असेल, वस्तू मोडेल, चुकेल, पुन्हा करावी लागेल. पहिल्या पंधरवड्यासाठी आमच्याकडून एक तयार घ्या: काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. पद्मश्री अरविंद गुप्ता यांनी कचऱ्यातून आणि स्वस्त सामानातून जी खेळणी लोकांपर्यंत नेली, त्यांतली ही एक. त्यांच्या संकेतस्थळावर अशी शेकडो खेळणी फुकट बघायला मिळतात, मराठीतूनही.

सामान असं. तिसरी-चौथीच्या आठ मुलांना प्रत्येकी एक त्रिकोण, एक चौकोन आणि एक चौफलक (चार त्रिकोणांचा, पिरॅमिडसारखा आकार) करायचा, म्हणजे ३ + ४ + ६, एकूण १३ काड्या. आठ जणांच्या १०४ होतात, मोडतोड धरून १५० ठेवा. काड्या लाकडी हव्यात. मेणाच्या काड्या वाकतात, त्या काही कामाच्या नाहीत. व्हॉल्व्ह ट्यूबचे दीड सेंटिमीटरचे तुकडे करायचे. मुलामागे ११ तुकडे लागतात, म्हणजे साधारण साडेसोळा सेंटिमीटर, आठ जणांना सव्वा मीटरहून थोडी जास्त. दोन मीटर आणा. सायकलवाल्याकडे घेताना ट्यूब ओढून बघा. जुनी झालेली ट्यूब ताणली की तडकते, आणि मुलाच्या हातात तडकली की त्याला वाटतं आपलंच चुकलं.

काड्यांचं गूल आदल्या दिवशी तुम्हीच ब्लेडनं खरवडून काढायचं. हे मुलांना देऊ नका, ‘मोठी आहेत’ म्हणून चौथीतल्यांनाही नाही. खरवडलेलं गूल पाण्यात टाकून फेका. दीडशे काड्यांना अर्धा-पाऊण तास लागतो, तेव्हा ऐन पाच वाजता करायला घेऊ नका.

पहिल्या दिवशी आधी दोन काड्या जोडायच्या. ट्यूबच्या तुकड्यात एका बाजूनं एक काडी, दुसऱ्या बाजूनं दुसरी. जात नसेल तर टोक पाण्यात बुडवायचं, सरकते. तीन काड्या, तीन तुकडे, झाला त्रिकोण. चार काड्या, चार तुकडे, झाला चौकोन. आता काहीही समजावून सांगू नका. ‘दोन्हींना कोपऱ्यावर बोटानं दाबून बघा’ एवढंच म्हणा. त्रिकोण हलत नाही. चौकोन शंकरपाळ्यासारखा तिरपा होतो. मुलं पुन्हा पुन्हा दाबतात, मग शेजाऱ्याचा दाबतात. त्यांना दाबू द्या, तिथेच शिकणं चाललेलं असतं.

दुसऱ्या दिवशी विचारा, चौकोन हलायचा थांबवायचा कसा? कोणी ना कोणी म्हणेल, मधे आडवी काडी लावू. लावायला जातात आणि काडी पुरत नाही. चारही बाजू एकाच लांबीच्या आणि कोपरे काटकोनात असले की कर्ण बाजूच्या सुमारे १.४ पट असतो. हे आकडे सांगायचे नाहीत. त्यांना खराट्याची काडी द्या, मापून कापायला लावा, दोरीनं किंवा ट्यूबनं बांधायला लावा. चौकोन घट्ट झाला की मुलाला आपण काहीतरी बांधलं असं वाटतं, आणि ते खरंच असतं. घरी जाताना काम द्या: रस्त्यात त्रिकोण शोधून या. पत्र्याच्या शेडची कैची, मोबाइलचा टॉवर, विजेचा मनोरा, लोखंडी पूल. शुक्रवारी प्रत्येकानं एक चित्र काढून आणायचं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी चौफलक. दोन काड्यांचा जोड जिथे आहे त्या ट्यूबच्या मधोमध कंपासपेटीतल्या डिव्हायडरनं भोक पाडायचं आणि तिसरी काडी आत सारायची. त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांना अशा तीन काड्या उभ्या केल्या आणि वर एका तीन-तोंडी जोडात त्यांची टोकं आणली की झालं. वरचा जोडच सगळ्यांना जड जातो, तो तुम्ही चार-पाच आधीच करून ठेवा. भोक पाडताना ट्यूब बोटावर धरायची नाही, जुन्या चपलेच्या तळव्यावर किंवा थर्माकोलवर ठेवायची. हाताला भोक पडण्याचे सगळे प्रकार इथेच होतात.

याच वेळी पहिली-दुसरीच्या सात मुलांना तेच काम वेगळ्या सामानानं द्या: टूथपिक आणि भिजवलेले वाळके वाटाणे. रात्रभर, आठ-दहा तास भिजवायचे, निथळून घ्यायचे. शंभर ग्रॅम भरपूर होतात. कमी भिजले तर फुटतात, जास्त भिजले तर पिचतात. आदल्या दिवशी एक दाणा टोचून बघा. बनवलेलं घर रात्रभर वाळलं की वाटाणा आकसून काडीला घट्ट धरतो, दुसऱ्या दिवशी उचलून नेता येतं. सहा वर्षांची मुलं वाटाणे नाकात-कानात घालतात, त्यामुळे वाटीत मोजून पंधराच द्यायचे आणि परत घेताना मोजायचे.

आता चौथीतल्या त्या दोन मुलांचं. बहुतेक ती वाईट नाहीत, रिकामी आहेत. त्यांना लहान गटात ‘मदतनीस’ म्हणून पाठवू नका, तिथे ती दादागिरी करतील. त्यांना स्वतःचं अवघड काम द्या. १२ काड्या आणि ८ तीन-तोंडी जोड दिले की घन होतो. तो हलतो का? किती काड्या वाढवल्या की थांबेल? पूर्ण ३५ मिनिटं ती दोघं हलणार नाहीत. आणि एका कोपऱ्यात कापडी पटाचे बुद्धिबळाचे पाच संच ठेवा, काम लवकर संपलेल्यांसाठी. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताब मिळवला, तेव्हापासून गल्लीतली पोरंही वजिराची चाल विचारतात. त्याचा फायदा घ्या. पण त्याचा ‘बुद्धिबळ क्लास’ करू नका. फक्त प्यादी आणि राजा घेऊन खेळायला लावा, आठवड्याला एक सोंगटी वाढवा.

पुढचे विषय तुम्हीच ठरवा, थोडी दिशा देतो. हिवाळ्यात संत्रं हाताशी आहे. सोलण्याआधी प्रत्येकानं फोडी किती असतील ते सांगायचं, सोलून मोजायचं आणि भिंतीवरच्या कागदावर एकेक चौकोन रंगवत जायचं. पंधरा संत्र्यांत मुलांचा पहिला स्तंभालेख तयार होतो, खाऊही होतो. मोजमापाच्या पंधरवड्यात तीन मीटरची टेप घेऊन समाजभवन मापा, मग ले-आउटच्या एका गल्लीचा नकाशा. तो झाला की एखाद्या शनिवारी सकाळी झिरो माइलला न्या. दगडी खांब, चार घोडे, आणि षटकोनी ओट्यावर कोरलेली जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, चांदा, हैदराबादची अंतरं. ती मैलांत आहेत. चौथीतल्यांना किलोमीटर काढू द्या, मैलाला १.६ धरून. गांधीसागराजवळचं रमण विज्ञान केंद्र चांगलंच आहे, पण पंधरा मुलांना एकदम नेलं की ती फक्त बटणं दाबत पळतात. आधी दोनच प्रयोग ठरवून जा, बाकीचं पुढच्या खेपेला. अशा वेळी पाच मुलांमागे एक मोठं माणूस हवंच, पालकांना सोबत घ्या. पुढच्या वर्षी तान्हा पोळ्याच्या आधीचा पंधरवडा लाकडी नंदीच्या चाकांना द्या. चाक आसावर फिरतं की आसासकट, इथून सुरुवात करा.

इंग्लिश स्पीकिंग बंद करा. ‘माय नेम इज’ पाठ करून घेण्यात आठवड्याचा एक दिवस घालवू नका. खेळताना इंग्रजी गाणी, सूचना येतात तेवढ्या पुरतात.

पुस्तकांसाठी मात्र पैसे काढा. १५ मुलांना ६० पुस्तकं, म्हणजे मुलामागे चार, यापेक्षा कमी असली तर महिन्याभरात सगळ्यांचं सगळं वाचून होतं. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तकं स्वस्त असतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी मोफत आहेत, छापूनही घेता येतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंकही ऑनलाइन वाचायला मिळतात. पुस्तक घरी न्यायला द्या. फाटतील. सेलोटेपऐवजी पांढरा गोंद आणि पातळ कागद वापरा, टेप वर्षभरात पिवळी पडून पान घेऊनच निघते.

आता पालक, म्हणजे तुमच्या नऊच्या आकड्याचं दुसरं कारण. घरी गेल्यावर आई विचारते, ‘आज काय शिकवलं?’ मूल म्हणतं, ‘काही नाही, खेळलो.’ ३०० रुपये कशाला द्यायचे, असं तिला वाटणारच. यावर व्हॉट्सॲपवर रोज फोटो टाकणं हा उपाय नाही. त्यात ज्याचं मूल फोटोत नाही तो नाराज होतो, आणि दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो असे फिरवणंही बरं नाही. मुलाच्या हातात एक चिठ्ठी द्या, त्यावर एकच प्रश्न: ‘चौकोन का हलतो आणि त्रिकोण का नाही, हे मला दाखवा.’ मूल घरी काड्या काढून दाखवतं, आई दाबून बघते, पुढचं तुम्हाला सांगावं लागत नाही. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी पालकांना सहा ते साडेसहा बोलवा. भाषण नको, नाच नको. मुलं आपापल्या वस्तूमागे उभी राहतील आणि आलेल्यांना समजावून सांगतील, बस्स.

होमवर्कला ठाम नाही म्हणा. एकदा हो म्हटलंत की पंधरा मुलं, चार इयत्ता, तीन-चार शाळा आणि दोन माध्यमं तुमच्या गळ्यात. शिवाय कायद्याचीही एक बाब आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खासगी शिकवणी किंवा खासगी अध्यापन करता येत नाही. तुमच्यापैकी ज्या ताई शाळेत आहेत त्यांनी फी घेऊन अभ्यास घेतला तर अडचण येऊ शकते. त्यांनी आपल्या मुख्याध्यापकांना लेखी कळवून परवानगी घ्यावी, पैशांचा व्यवहार दुसऱ्या ताईंच्या नावे ठेवावा, आणि त्यांच्या स्वतःच्या वर्गातलं एकही मूल इथे घेऊ नये. हे तिन्ही करा.

ॲबॅकसबद्दल पालकांना खरं ते सांगा. त्यानं बेरीज-वजाबाकीचा वेग वाढतो. शाब्दिक उदाहरणात काय करायचं ते कळणं मात्र वेगळं आहे, ते वस्तू मोजून, मापून, वाटून येतं. ज्यांना वेगच हवा त्यांना ॲबॅकसच्या क्लासला जाऊ द्या. तुम्ही दोन्ही करायला गेलात तर ना धड हे, ना धड ते.

रोबोटिक्सच्या माणसाला नम्रपणे निरोप द्या. या वयासाठीची बरीच किट चित्र बघून तुकडे जोडायची असतात. मूल सूचना पाळतं, यंत्र चालतं, आनंद होतो, आणि दोन आठवड्यांत एक मोटर हरवते. मग तो तुकडा कंपनीकडूनच घ्यायचा. तरी मोह झालाच तर चार गोष्टी लेखी मागा: सुटे भाग किती दिवसांत आणि काय भावानं देणार, दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे किती, फीमधला किती वाटा त्यांना, आणि सोडायचं झालं तर किट कोणाचं. उत्तरं तोंडीच मिळाली तर काय ते समजून जा. तेच १८,००० खर्चायची तयारी असेल तर निम्म्याहून कमी पैशांत ६० पुस्तकं, १५ बोथट टोकांच्या कात्र्या, पाच बुद्धिबळं, पाच टेप आणि दोन चांगल्या चटया येतील. उरलेले बँकेत असू द्या.

पैशांचं गणित तुमच्या फीत बसत नाही, ते मांडूनच बघा. महिन्याला १२ सत्रं. खाऊ दर सत्राला मुलामागे १० रुपये, म्हणजे १,८००. सामान दर सत्राला मुलामागे ८ रुपये, म्हणजे १,४४०. झाडलोट आणि दारावर लक्ष ठेवायला मावशी, १,५००. पुस्तकांसाठी ५००. एकूण ५,२४०. पंधरातल्या दोन जागा फी न घेता ठेवा, समाजभवनाजवळच्या झोपडपट्टीतल्या किंवा मावशींच्याच मुलांसाठी. उरलेल्या १३ जणांकडून ३०० प्रमाणे ३,९०० येतात, दरमहा १,३४० ची तूट. ६०० केलेत तर ७,८०० येतात आणि २,५६० उरतात. म्हणून ६०० घ्या, आणि दोन महिन्यांची एकदम घ्या. महिन्याची फी घेतली की पालक दर महिन्याला ‘ठेवायचं की काढायचं’ असा नव्यानं विचार करतात.

सुरक्षेबाबत थोडकं पण सक्तीचं. कोणीही एकटं मोठं माणूस मुलासोबत बंद खोलीत नाही, तुम्ही दोघीही नाही. न्यायला कोण येणार त्यांची नावं वहीत, दुसऱ्या कोणाच्या हाती मूल द्यायचं नाही, शेजारी असला तरी. लैंगिक अत्याचाराची शंका येण्यासारखं काही मुलानं सांगितलं तर पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक दारामागे लावून ठेवा. प्रथमोपचार पेटीत पट्ट्या, कापूस, अँटिसेप्टिक आणि ओआरएस, मुलांना गोळी-औषध काही नाही.

वार्षिक परीक्षा जवळ आल्या की पंधरा दिवस वर्ग बंद ठेवा, ओढाताण नको. उन्हाळ्यात चालवायचा असेल तर सकाळी ७ ते साडेआठ, आणि पत्र्याच्या छताचं समाजभवन असेल तर एप्रिलनंतर नकोच. कूलर लावणार असाल तर लोखंडी पत्र्याचा नको, फायबरचा घ्या. अर्थिंग आणि ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, पाणी भरताना प्लग काढा, आणि मुलांना त्याच्या दोन हात लांबच बसवा. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं दगावतात.

विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात. पुढच्या वर्षी लगेच सुरू करू नका, पुस्तकं, गणवेश, रिक्षावाले यांत पहिले दोन आठवडे जातात. जुलैच्या दुसऱ्या सोमवारी सुरू करा. नावनोंदणी मात्र जूनमध्ये घ्या, आणि फॉर्मवर मोठ्या अक्षरात लिहा: इथे गृहपाठ घेतला जात नाही.